मुऱ्हाळी एक दिवस उशिरा

बस बिघडली नव्हती. हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी तर नाहीच. कोंडाईबारीच्या घाटात बस बंद पडली, सगळ्यांनी उतरून धक्का मारला, म्हणून बहिणीकडे पोचायला दिवस उलटला, असं मी त्या वर्षी सांगितलं. ते मनात इतकं पक्कं बसलंय की आजही तो घाट उतरताना बस कुठल्या वळणावर थांबली होती ते मला दाखवता येईल.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमचं गाव धुळे आणि पारोळ्याच्या मध्ये. धाकट्या बहिणीला आदल्या उन्हाळ्यात सुरतेला दिलं होतं, उधन्याला. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. दिवाळीला आली नाही तरी निभतं, आखाजीला मात्र लेक माहेरीच हवी, आणि लग्नानंतरची पहिली आखाजी तर हवीच हवी. पण ती आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस तिला आणायला जातो, तो मुऱ्हाळी. तो दारात उभा राहिला की मगच तिनं पिशवी उचलायची.

त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या तिच्या सगळ्या मैत्रिणींची लग्नं एकाच हंगामात उरकली होती. पाठवणीच्या रडारडीतही त्यांचं ठरलं होतं, आखाजीला लिंबाच्या झोक्यावर सगळ्यांनी भेटायचं. मध्येच बहिणीला टायफॉइड झाला. बरी झाली, पण अंगात जीव नव्हता. तिच्या सासूबाईंनी निरोप धाडला, "पाठवते, पण बसायची जागा पक्की असेल तरच. उभ्यानं पाठवणार नाही." यात त्यांचं काय चुकलं? काहीच नाही.

वडिलांनी, आबांनी, अमळनेरहून रेल्वेचं रिझर्वेशन करायला मला पैसे दिले. मी गेलो धुळ्याला. तिथं स्टँडजवळ एका नव्या ट्रॅव्हल्सचं ऑफिस निघालं होतं. व्हिडिओ कोच, आणि जाणं-येणं एकदम घेतलं तर सवलत. जाताना माझी एक सीट, येताना दोन. आबांना वाटलं, पोरगा व्यवहाराला शिकला. उरलेल्या पैशांचे मी कॅनव्हासचे बूट घेतले, हे त्यांना दिसलं नाही.

बूट घेतले, कारण टेनिस बॉलच्या सामन्यांत आमची टीम पुढे चालली होती. मी ओपनिंगला जायचो. सेमी फायनल जिंकलो आणि फायनल पडली नेमकी मी सुरतेला पोचायच्या दिवशी, पारोळ्याला.

निघायच्या दिवशी दुपारी आईनं गोणी बांधून दिली. कळण्याच्या भाकरीचं पीठ, शेंगदाणे, आणि सासरच्यांसाठी सांजोऱ्यांचा डबा. म्हणाली, "लवकर जाय रे भाऊ, पोर वाट देखी ऱ्हायनी व्हई." धुळ्याला टीममधले दोघं राजदूत मोटारसायकल घेऊन थांबलेले होते. त्यांना मीच बोलावलं होतं, हेही आजच सांगतो.

ऑफिसातल्या माणसाला मी म्हणालो, "आजच्याऐवजी उद्याचं करून द्या. येणं आहे तसंच राहू द्या." माझा हिशोब सरळ होता. सुरतेत एक दिवस मुक्काम होता, तो जाईल, एवढंच. परतीच्या दिवशी सकाळी पोचायचं आणि संध्याकाळी तिला घेऊन निघायचं.

"करून देतो ना भाऊ. बदलायचे पैसे नाहीत," तो म्हणाला. "फक्त ते परतीचं..."

बाहेर हॉर्न वाजला. "अरे चल ना, कॅप्टन वाट बघतोय!"

"परतीचं काय?" असं मी विचारलं नाही. "बरं बरं," म्हणालो आणि गोणी मांडीवर घेऊन राजदूतवर बसलो. आणलेल्या सांजोऱ्यांतल्या निम्म्या त्या रात्री पारोळ्याच्या मुक्कामातच पोरांनी संपवल्या. दुसऱ्या दिवशी मी पहिल्याच चेंडूवर आउट झालो. "बूट चांगले आहेत रे," कॅप्टन म्हणाला. आम्ही हरलो.

त्या संध्याकाळी धुळ्याहून निघालो. सीट सगळ्यात मागची, सिझनचा म्हणून वर फरक, गोणीचं भाडं वेगळं. मनात म्हटलं, चला, स्वस्तात सुटलो.

उधन्याला सकाळी पोचलो तर बहीण दारातच. आदल्या दिवशीही सकाळपासून ती तशीच बसली होती, हे मला तिच्या नणंदेनं ऐकवलं. "काल रिक्षा वाजली की वहिनी उठायची. आम्ही म्हटलं, मुऱ्हाळी पायी निघाला वाटतं!" बहीण वाळली होती, ब्लाउज खांद्यावरून उतरत होतं. मी घाटातल्या बसचं सांगितलं. कोणी न विचारता धक्का मारल्याचंही सांगितलं. ती माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "भाऊ, लागनं ते नही ना तुले कोठे?"

दिवसभर ती पिशवी उघडत आणि बंद करत होती. मैत्रिणींसाठी तिनं सुरतेच्या बांगड्या घेतल्या होत्या, प्रत्येकीच्या मापाच्या, कागदात वेगवेगळ्या गुंडाळलेल्या. कोणाला हिरव्या, कोणाला मोरपंखी, ते मला दोनदा समजावून झालं.

संध्याकाळी मेहुणे आम्हाला बसवून द्यायला आले. बस सुटायच्या जागी जत्रा उसळली होती. सुरतेतला सगळा खानदेश आखाजीला घरी निघाला होता. मी चिठ्ठी दाखवली. तिथल्या माणसानं आमच्या सीटकडे बोट केलं. तिथं एक कुटुंब पोरांसकट बसलं होतं.

"जाणं बदललं ना तुम्ही? मग येणं आपोआप रद्द. सवलतीचं तिकीट असंच असतं. धुळ्यात सांगितलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"सीटांच्या मधल्या वाटेत फळी टाकतो, त्या पाट्यावर बसा दोघं. बघा, तेही भरेल."

बहिणीनं पिशवी उचललीसुद्धा. "मी बसस पाट्यावर. चाल भाऊ."

मेहुणे हळू आवाजात म्हणाले, "आईला शब्द दिलाय मी. रात्रभर पाट्यावर हिला झेपायचं नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी सज्जनपणानं, "तुमचा काही दोष नाही, पाव्हणे. हे लोकच असे."

मी मान हलवली. तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो असतो तरी सीट मिळाली नसती, हे खरं. पण दोष तरी जागेवर गेला असता.

रेल्वेला रिझर्वेशन कुठलं मिळायला, उद्यावर आखाजी. बहीण रडली नाही. तिनं पिशवीतून बांगड्यांचा पुडा काढला आणि माझ्या हातात दिला. "तू जाय. तूबी नही गया ते आई जेवाव नही." मी पाट्यावर बसून, पुडा पोटाशी धरून गावी आलो.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली पोरींना बांगड्या वाटल्या. हिरव्या कोणाच्या आणि मोरपंखी कोणाच्या, ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. त्यांनीच आपापल्या मापानं ओळखून घेतल्या. झोका चालू होता, गाणी चालू होती. एकीनं विचारलं, "ती कशी नही उनी?" मी ट्रॅव्हल्सवाल्याचं नाव पुढे केलं. आई पुढे कित्येक वर्षं आखाजी आली की त्या माणसाला शिव्या घालायची, आणि आबा खासगी बसमध्ये पुन्हा चढले नाहीत. घरात त्याच्याबद्दल कोणी चांगलं बोलायचं नाही, आणि मी वरणात भात कालवत बसायचो.

बहीण पुढच्या वर्षांत आखाजीला आली. पण मैत्रिणी तशा सगळ्या पुन्हा जमल्या नाहीत. एक भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये रमली, एकीचे सासरे अंथरुणाला खिळले, एक बाळंतपणात गेली. बहिणीनं तिच्यासाठी घेतलेल्या त्या मोरपंखी बांगड्या होत्या, एवढं आता मला आठवतं.

मागच्या हिवाळ्यात बहिणीच्या मुलाच्या लग्नाला उधन्याला गेलो होतो. बायकांच्या घोळक्यात ती नव्या सुनेला सांगत होती, "भाऊ असावा तर असा. घाटात बस ढकलत आला होता मला न्यायला." सून माझ्याकडे कौतुकानं बघत होती. बहिणीनं मला हाक मारली, "सांग ना रे भाऊ, किती वेळ ढकलली ती बस?"

मी म्हणालो, "खूप वेळ."

तिची ती आखाजी मी तिला देणं लागतो, आणि ती आता कुठून आणू? खरं काय ते सांगायचंही देणं लागतो. ते देता येण्यासारखं आहे, आणि अजून दिलेलं नाही.