मामांची अडीच तासांची वजाबाकी

माझे मामा बस डेपोत बत्तीस वर्षं टाइमकीपर होते. फाटकापाशी बसायचं, गाडी सुटली की वेळ लिहायची, पोचल्याची वेळ समोर मांडायची आणि वजाबाकी करायची. त्या वजाबाकीपुढे खोटं बोलायची कुणा ड्रायव्हरची टाप नव्हती.

घरातही तोच खाक्या. मामी गेल्या तेव्हा मामा लांबच्या डेपोत होते. यायला पाच तास लागले, आणि आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून त्यांनी ठरवूनच टाकलं, घरातलं माणूस तीन तासांपलीकडे राहायचं नाही. एकुलत्या एका लेकीला, आमच्या छकुलीला, परदेशात नोकरी लागली तेव्हा त्यांनी तिकीट मागून घेतलं. सुटणार दहाला, पोचणार साडेबाराला. "अडीच तास! अगं, तुझी आत्या याहून लांब राहते," म्हणाले, आणि तिला जाऊ दिलं. तिकीट मीही पाहिलं होतं. मी पदवीधर. मीही मान डोलावली. घड्याळ वेगळं असतं ते पार दुनियेच्या दुसऱ्या टोकाला, अशी आम्हा दोघांची ठाम समजूत!

छकुली दर रविवारी दुपारी तीनला फोन करायची. तेव्हा दोन्हीकडे ऊनच असतं, हे मला आता सुचतंय.

परवा मामा घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं, आत रक्त साचत होतं. दवाखान्यात सकाळी अकराला स्ट्रेचरवरूनच त्यांनी डॉक्टरीणबाईंना ठणकावलं, "लेक आल्याशिवाय मी ऑपरेशनला जाणार नाही. अडीच तासांचा तर प्रश्न!"

"दोनपर्यंत थांबते," बाई म्हणाल्या. "पुढे जिवाला धोका आहे."

मी फोन लावून मामांच्या कानाशी धरला, आवाज मोठा करून.

"दोनचं विमान मिळतंय, बाबा," छकुली म्हणाली. "रात्री साडेअकराला उतरते."

मामांची बोटं चादरीवर हलली. "साडेनऊ तास? जाताना अडीच आणि येताना साडेनऊ? वाटेत झोपतो की काय तुझा पायलट?"

ती हसली नाही. "बाबा, इथलं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास आहे. विमानाला जाता-येता सहाच तास लागतात. साडेचार हजार किलोमीटर आहे."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. उभ्या आयुष्यात ज्यांची वजाबाकी चुकली नाही, ते मामा!

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही अडीच म्हणालात, मी गप्प बसले. खरं सांगितलं असतं तर सोडलं असतंत?"

मला तिचा असा संताप आला! मामा मात्र चिडले नाहीत.

"दीड वर्ष मी निर्धास्त झोपलो, छकुले," ते म्हणाले. "आणि तू?"

पलीकडे ती रडत होती. "घरून फोन वाजला की मी आधी पुढचं विमान कधी आहे ते बघते, बाबा. मग उचलते."

मामांनी डोळे पुसले आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली.

"घ्या मला आत, बाई. ती येईल तेव्हा मी शुद्धीवर असायला हवा."