मामांच्या टेबलाजवळची दुसरी खुर्ची

आमचे मामा डॉक्टर. दवाखाना खाली, घर वर. लग्न झाल्यापासून मामीच्या वाट्याला मामांचा आवाज यायचा तो जिन्यावरून. खाली आल्यागेल्या प्रत्येकाशी ते मनसोक्त बोलत. वर आले की "वाढ" आणि "दिवा घालव" यापलीकडे शब्द फुटत नसे.

मग आरोग्य खात्याचा हुकूम निघाला, की यापुढे पेशंटची नोंद कागदावर नको, कॉम्प्युटरवर हवी. मामांनी एका बोटाने टाइप करून पाहिलं. हवं ते अक्षर सापडेपर्यंत पेशंटचा ताप आपोआप उतरायचा. शेवटी मामी पुढे झाली. लग्नाआधी ती एका ऑफिसात टायपिस्ट होती.

मामांच्या टेबलाला दुसरी खुर्ची लागली आणि मामीचं रूपच पालटलं. सकाळी इस्त्रीचे कपडे, तोंडाला पावडर. दुपारी मी जेवायला गेलो की मला ऐकवायची, मामा लहान मुलांना इंजेक्शन देताना स्वतःच कसे डोळे मिटतात, म्हाताऱ्यांच्या त्याच त्या विनोदांना कसे नव्याने हसतात.

"इतकी वर्षं मी कुणाशी संसार केला रे?" म्हणायची आणि चक्क लाजायची.

पण पेशंट गप्प झाले. एकट्या डॉक्टरांना सांगायचं ते तिसऱ्या माणसासमोर कसं सांगणार? "काही नाही, जरा डोकं दुखतंय," म्हणत बायका गोळ्या घेऊन उठायच्या.

एके दिवशी एक रिटायर झालेले मास्तर आले. बसले, आणि मामीकडेच बघत राहिले.

"बोला मास्तर," मामा म्हणाले. "ती काही परकी नाही. मीच आहे असं समजा."

असलं वाक्य मामीने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. दुसरी कुणी असती तर खुर्चीला चिकटून बसली असती. पण मास्तरांचे ओठ थरथरत होते. मामी उठली, दार ओढून घेतलं आणि वर आली. पुन्हा त्या खुर्चीत बसली नाही.

कॉम्प्युटरवर कव्हर चढलं, मामा कागदावर परतले. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, डॉक्टरांना नव्याचं वावडं आहे. मामांनी शेऱ्याखाली सही केली.

मला मात्र राहवेना. "मामी, उठलीस कशाला?"

"मास्तरांना हे एकटे हवे होते."

"आणि तुला?"

"मला काय, हे रोज वर येतातच की." ती हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. "वर येतो तो दमलेला माणूस रे. मला खालचे हवे होते."