आईच्या हातचा, हात न लावता

“मग माणसानं वरचं वाचायचं का खालचं?” तुळसाने मसाल्याचं पाकीट ओट्यावर आपटलं.

“आई, हळू. फुटेल ते.”

“फुटू दे! वर लिवलंय, आईच्या हातचा आगरी मसाला. खाली लिवलंय, मानवी हाताचा स्पर्श न होता तयार. देवेश, तुझी आई माणसात मोडत नाय काय रे?”

देवेशला हसू आलं आणि लगेच आईच्या तोंडाकडे बघून ते गेलंही. सून समृद्धी लेकीचा डबा भरत होती. कांद्याचा भाव सांगावा तसं ती म्हणाली, “आई, लोकांना दोन्ही पाहिजे असतं. तुमचे हात पण पाहिजेत आणि कुणाचा हात लागलेला पण नको.”

तुळसाची जुनी मैत्रीण बायजा, तिच्या नातीची, दिशाची, हळद झाल्यापासून घरात हेच चाललं होतं.

ठाण्याच्या बाळकुममध्ये आता जिकडे तिकडे टॉवर उभे असले तरी हळदीचं जेवण अजून मांडवातच रांधलं जातं. आणि त्या जेवणात मसाला पडायचा तो तुळसाच्या हाताने. लग्नघरातली बाई नारळ घेऊन दारात यायची, “तुळसे, टोप चढणार गो,” म्हणायची, की तुळसा निघायची. पार माजिवड्यापर्यंत तिला बोलावणं असे. चमचा तिने कधी घेतला नाही. मुठीने मसाला सोडायचा आणि तेल कसं सुटतंय ते बघत वाफेत उभं राहायचं. मसालाही तिचाच. उन्हाळ्यात मिरची निवडून, गच्चीवर वाळवून, धणे स्वतः भाजून ती कुटायला डंकावर घेऊन जायची. नंतर हातांची आग आग व्हायची. खोबरेल चोळून ती पदराखाली हात धरून बसे, आणि कुणी विचारलं की म्हणे, “झाला एकदाचा, वर्षाचा.”

देवेशने डोंबिवलीला मसाल्याचं युनिट टाकलं तेव्हा तिला कोण आनंद झाला होता! फोटोवाला घरी आला. त्याने तिला हिरव्या बांगड्या भरायला लावल्या, ओंजळीत मिरच्या दिल्या. ते हात पाकिटावर छापून आले. मग एकदा ती हौसेने युनिट बघायला गेली, तर दारावरच्या मुलीने तिला बाकावर बसवलं. “आजी, आत नका जाऊ, तिथे हात लावलेला चालत नाही.” पाकिटातला मसाला तिने घरी आणून चाखला होता. धणे कच्चे होते. पण पोराचा नवा धंदा, म्हणून ती बोलली नाही.

दिशाच्या हळदीला नारळ आलाच नाही. तुळसा ठेवणीतलं लुगडं नेसून दुपारपासून तयार होती. शेवटी पाहुण्यासारखी गेली, तर बायजा लगबगीने पुढे आली. दोघी एकाच वर्षी बाळकुममध्ये सून म्हणून आलेल्या. “अगो, तुझाच मसाला आणलाय! खोकाच आणला दुकानातून. म्हटलं, हात तर तुझेच हायत त्यावर, मग तुला या गुडघ्यांनिशी कशाला उठवू?”

तिच्या मनात खोट नव्हती. रस्सा लालभडक दिसत होता. पण माणसं दुसऱ्यांदा वाढून घेत नव्हती. हात धुवायच्या नळापाशी कोणीतरी म्हणालं, “तुळसाचा हात गेला रे.”

“ते वाक्य माझ्या कानात बसलंय,” तुळसा आता देवेशला म्हणाली. “तू बायजाकडे जा. सांग, हा मसाला आईचा नाय, मशीनचा हाय.”

“आणि ती गावभर सांगेल. देवेशने आईच्या नावावर लोकांना फसवलं म्हणतील. दुकानदार माल परत करतील, आई.” मग खाली बघत तो म्हणाला, “तुला सांगायचं असेल तर सांग. मी अडवणार नाही.”

तुळसाने चपला घातल्या.

बायजा ओसरीवर मांडवाचे पडदे घडी करत होती. तिने तुळसाला जवळ बसवलं. लोकांचं बोलणं तिच्याही कानावर आलं असावं, कारण तिनेच विषय काढला. “खरं सांग हां तुळसे. पाकिटातला तूच करतेस ना? का पोरगा नुसतं नाव लावतो?”

तुळसाने पडद्याचं दुसरं टोक धरलं. नाही म्हटलं की झालं असतं. बायजाने तिथून उठूनच चार घरी जाऊन सांगितलं असतं.

“मीच करते. दुसरं कोण करणार?”

“मग असा कसा झाला गो?”

“वय झालं. हात गेला माझा.”

पडदा टाकून बायजाने तुळसाचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि बराच वेळ नुसती चोळत राहिली. तुळसाला ते सहन होईना, पण हात काढूनही घेववेना.

ती घरी आली तेव्हा सगळे जेवायला बसले होते. देवेशचा घास हातातच राहिला.

“बायजाला सांगून आले,” तुळसा म्हणाली. “मसाला माझाच हाय. आता नारळ घेऊन कोणी आलं तर दारातनंच परत पाठवायचं, मी जाणार नाय. आणि यंदा घरात मिरची आणू नका. पाकिटातलाच वापरायचा.”