पोपटी साडी आणि त्रेचाळीस इंची टीव्ही

माझ्या नणंदबाई तीन वर्षं आमच्या घरात आल्या नव्हत्या, आणि त्याला कारण मी त्यांना दिलेली त्यांचीच साडी.

त्याचं असं झालं. घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला ह्या नणंदबाईंनी, आमच्या अक्कांनी, मला एक पोपटी साडी दिली. आता आहेराची साडी नेसायची नसते, पुढे द्यायची असते, हे आमच्या लासुर्ण्यात कुणाला सांगावं लागत नाही. (काही साड्यांनी इंदापूर तालुका माझ्यापेक्षा जास्त पाहिलाय!) ही पोपटीही कपाटात आपली पाळी येण्याची वाट बघत होती. पुढे थोरल्याच्या लग्नात, गडबडीत, मी ती उचलली, कुंकू लावलं आणि मानाची साडी म्हणून दिली. अक्कांनाच!

"माझीच मला?" अक्का म्हणाल्या. साडी बाजेवर टाकली आणि न जेवता निरवांगीला आपल्या घरी निघून गेल्या. लग्नघरातून नणंद उपाशी गेली! बायका आजही माझ्याकडे बघून एकमेकींना हे सांगतात, आणि मी बघतेय हे दिसलं की पावसाचं बोलतात.

आमच्या ह्यांना आई आठवत नाही. अक्कांनीच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. त्या गेल्यापासून हे जेवताना मध्येच थांबायचे, निरवांगीच्या दिशेला बघायचे, आणि मग माझ्याकडे बघायचे. पहिलं बघणं मी सोसत होते. दुसऱ्याचं फार वाईट वाटायचं.

अशी चूक पुन्हा व्हायची नाही, असं मी ठरवलं. मी अंगणवाडी सेविका. आमच्या नोकरीत फोटो नसेल तर काम झालंच नाही असं धरतात. पोरांनी खिचडी खाल्ली, फोटो. पोरांची वजनं केली, फोटो. तेव्हा मी कपाटातल्या एकूण एक साडीला टाचणीने चिठ्ठी लावली. कुणी दिली, कधी दिली आणि खाली शेरा. चिठ्ठीसकट फोटो काढून फोनमध्ये 'आहेर' नावाने ठेवून दिला. शेरे अगदी खरे लिहिले. (माझ्याशिवाय कोण वाचणार होतं!)

मग पूजाचं, आमच्या धाकटीचं लग्न ठरलं, आणि हे म्हणाले, "अक्का न्हाय आली, तर मी मांडवात उभा राहणार न्हाय."

"अवो, पोरीचा बाप तुमी!"

"मग आण अक्काला. तूच घालवलीस."

मी तशीच उठून जावेकडे गेले. शेजारी, एका भिंतीपलीकडे, माझे दीर राहतात. जाऊ मंदा गोड बोलणारी. तिने अक्कांना फोन करून कबूल करून घेतलं, की मंगळवारी सकाळी त्या तिच्याकडे चहाला येतील. फक्त तिच्याकडे! तिथून त्यांना आमच्यात कसं आणायचं हे माझ्याकडे लागलं.

पूजाने तोड काढली. ह्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुने फोटो होते. एका फोटोत अक्का, परकर-पोलक्यात, कडेवर नागडं शेंबडं पोर. ते पोर म्हणजे आमचे हे! पूजाने त्या फोटोंचे माझ्या मोबाइलमध्ये फोटो काढले आणि म्हणाली, "आई, हे टीव्हीवर मोठ्ठे दाखवायचे. वायर लागत न्हाय. ह्या चौकोनावर बोट ठेव, टीव्हीचं नाव येईल, त्यावर बोट ठेव. मग फोनमधी जे दिसंल तेच टीव्हीवर. आत्या रडलीच पायजे!" एवढं सांगून ती ब्लाउज आणायला बारामतीला गेली.

बेत पक्का होता. मंदाकडे चहा झाला, की हे अक्कांना म्हणणार, "अक्का, नुसतं दारातनं बघ." अक्का दारातून बघणार, टीव्हीवर कडेवरचं पोर दिसणार, अक्कांचे डोळे भरणार, पाऊल आत पडणार. अक्का आल्याचं कळलं, तशी मी म्हटलं, एकदा तालीम करावी.

चौकोनावर बोट ठेवलं. टीव्हीचं नाव आलं. खाली तेच नाव परत आलं. मला वाटलं, चष्मा न लावणाऱ्यांसाठी दोनदा दाखवत असतील. मी खालच्यावर बोट ठेवलं.

(इथे एक सांगायला हवं, जे मला त्या वेळी सुचलं नाही. हे आणि दीर, दोघांनी दिवाळीत बारामतीच्या एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे टीव्ही आणले होते. एकाने घेतला आणि दुसऱ्याने नाही, असं भावाभावांत चालत नाही. आणि वायफायही दोन्ही घरांत मिळून एकच.)

"आला का फोटू?" मी विचारलं.

"न्हाय. बातम्याच हायत," हे टीव्हीसमोर उभे राहून म्हणाले.

"फोन म्हणतोय, जोडतोय."

"टीव्ही न्हाय म्हणत."

मी विचार केला, जुने फोटो काळेपांढरे. टीव्ही रंगीत. त्याला ते ओळखत नसतील. एखादा चांगला रंगीत फोटो दाखवून बघावा. आणि माझ्या फोनमध्ये रंगीत म्हणजे साड्यांशिवाय काय असणार? मी 'आहेर' उघडलं.

पहिली साडी जांभळी. "आता?"

"न्हाय."

"थांबा, मोठं करते." मी दोन बोटांनी फोटो ताणला. चिठ्ठीवरचं अक्षर चांगलं ठळक झालं. 'बारामतीची मावशी. खोका भारी, साडी हलकी. खोका ठेवून घ्यावा.'

भिंतीपलीकडून मंदाच्या हसण्याचा आवाज आला. पाठोपाठ अक्काही हसल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, अक्का खुशीत आहेत, काम होणार.

दुसरी साडी गुलाबी. तीही ताणली. 'मंदा, हळदीकुंकू. हिलाच कुणीतरी दिलेली असणार. हिच्या माहेरी देऊ नये.'

पलीकडे आता एकट्या अक्का हसत होत्या.

"मंदाचा आवाज का बंद झाला?" हे म्हणाले.

"चहा ओतत आसंल," मी म्हटलं, आणि तिसरी साडी काढली. पोपटी. ही ताणायचीही गरज नव्हती, मी चिठ्ठीच मोठी लावली होती. तरी ताणली! टीव्हीवरचा बातम्यांचा माणूस हललाही नाही. पलीकडचं हसणं मात्र थांबलं. मग भिंतीतून अक्कांचा आवाज येऊ लागला. अक्का दुसरीपर्यंत शिकलेल्या. त्या अक्षर अक्षर जोडून, मोठ्याने वाचतात.

"अक्... का. वास्... तुशांत. रं... ग... जा... तो. ओलं फडकं... लावून... पाहिलं. अक्कांना... परत... देऊ... नये."

आमच्या घरात मी आणि हे, दोघं पुतळे झालो. ह्यांनी सावकाश मान वळवली. "ही तुजी चिठ्ठी तिकडं कशी गेली?"

मी घाबरून फोनवर जिथे दिसेल तिथे बोटं मारली. त्यातलं एक बोट बरोबर 'पुढचा फोटो' वर पडलं. पलीकडून आवाज आला, "आनि ही... केळ... केळीच्या रंगाची..."

"बंद कर!"

"व्हईना!"

"मग फोन तरी टाक!"

मी फोन पिठाच्या डब्यात घातला. (वायफाय पिठातूनही जातं, हे त्या दिवशी समजलं.)

अक्का आमच्या दारात आल्या. तीन वर्षांनी आल्या, आणि अशा! मागे मंदा. तिचा चेहरा गोड नव्हता. "टीव्हीनं इचारलं, शालनचा फोन जोडू का," ती म्हणाली. "म्हटलं जोड, घरचाच हाय."

अक्का उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "शालन, माझ्या साडीचा रंग जातो व्हय?"

"न्हाय अक्का! ते फडकंच हिरवं हुतं..."

"हाय का साडी अजून?"

"हाय."

"मग पूजाच्या हळदीला तीच नेसायची. चार बायांच्या देखत. रंग गेला, तर मी तसल्या साड्या देनारी, माझी मी उठून निरवांगीला जाईन, लग्नाला थांबनार न्हाय. न्हाय गेला, तर समद्यांपुढं म्हणायचं, अक्काची साडी पक्की हाय."

आणि त्या परत गेल्या. माझी अवस्था बघा. माझं म्हणणं खरं होतं, माझ्याकडे फोटो होता, शेराही होता. आणि ते खरं ठरलं तर माझी पोर बापाविना मांडवात उभी राहणार होती. आयुष्यात पहिल्यांदा मी माझंच लिहिलेलं खोटं ठरावं म्हणून देवापुढे बसले.

हळदीला आठ दिवस होते. मी साडी मिठाच्या पाण्यात भिजवली. पाणी हिरवं झालं. तुरटी घातली. पाणी हिरवं. तिसऱ्यांदा मीठ, तुरटी दोन्ही घातलं आणि रात्रभर ठेवली. सकाळी हे बादलीत डोकावून म्हणाले, "आजून किती रंग हाय तिच्यात?"

"संपल आता."

"शालन," ते हळूच म्हणाले, "अक्का थांबंल न्हवं गं?" साठीला आलेला माणूस, पण आवाज त्या कडेवरच्या पोराचा होता. मला रडूच आलं. चौथं पाणी मी न बघताच उसाच्या सरीत ओतलं.

हळदीच्या दिवशी उन्हाने पत्रे तडतडत होते. मी पोपटी नेसून अंगणात उभी, हात अंगापासून लांब धरून. घाम येऊ नये म्हणून पाणी प्यायले नव्हते. अक्का समोर खुर्चीवर. पूजाला हळद लागली, सगळं नीट चाललं होतं. मग नवरीला न्हाऊ घालायची वेळ झाली. नवरीवर पाणी पडलं, की दोन थेंब आईवर उडतातच, ते मी धरूनच चालले होते. पण मंदाने हंडा उचलला.

"ताई, लई गरम व्हतंय न्हवं?" ती गोड आवाजात म्हणाली, आणि आख्खा हंडा माझ्या डोक्यावरून ओतला. गुलाबी साडीचा शेरा तिने असा फेडला.

मी खाली बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, समोरच्या बायकांच्या तोंडावर दिसत होतं. पूजाने हळदीच्या हाताने तोंड झाकलं. हे मांडवाच्या खांबाला धरून उभे होते.

"शालन," अक्का म्हणाल्या, "हात बघू."

मी हात पुढे केले. कोपरापर्यंत हिरवे. माझ्या पायाखालून हिरव्या पाण्याचा ओघळ निघाला, अंगणाच्या उतारावरून सावकाश चालत गेला आणि अक्कांच्या चपलेपाशी जाऊन थांबला.

मी डोळे मिटले आणि जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले, "अक्काची साडी पक्की हाय! जरासुदिक रंग गेला न्हाय!"

अक्कांनी त्या ओघळाकडे बघितलं. माझ्या हातांकडे बघितलं. ह्यांच्याकडे बघितलं. त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पक्कीच हाय." मग उठून माझ्याजवळ आल्या आणि कानात पुटपुटल्या, "माझ्यासाठी येवढं खोटं कुणी बोललं न्हवतं गं. जा, कोरडं नेस. उद्या लग्न हाय, लई कामं हायत आपल्याला."

'आपल्याला' म्हणाल्या! हे खांब सोडून खाली बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले.

लग्न झालं. अक्का ह्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, जेवल्या, आणि वर चार दिवस आमच्यातच राहिल्या. माझा रंग मात्र गेला नाही. साबण झाला, दही झालं, बेसन झालं. हिरव्यावर हळदीचा पिवळा बसला होता, त्यामुळे कानापासून बोटांच्या टोकांपर्यंत मी पाडाला आलेल्या कैरीसारखी दिसत होते. त्याच अवतारात मी जावयाचे पाय धुतले, त्याच अवतारात विहीणबाईंच्या गळ्यात पडले.

आणि फोटोग्राफरने एकही क्षण सोडला नव्हता.

चौथ्या दिवशी पूजा माहेरी आली. तिने मला लग्नाचे फोटो पाठवले आणि अक्का म्हणाल्या, "शालन, टीव्हीवर लाव की."

"आमच्या टीव्हीला फोन जोडत न्हाय अक्का, तुमाला म्हाईतीच हाय," मी घाईघाईने म्हटलं.

"लावून तर बघ."

सगळे बसले होते. मंदा तर सर्वांत पुढे, टीव्हीपाशी. मी चौकोनावर बोट ठेवलं. दोन नावं आली. मी मुद्दाम खालच्यावर बोट ठेवलं. मंदाच्या घरी कुणी नव्हतं, तिथे दिसले तर दिसोत! पण पूजाने येताच दोन्ही टीव्हींचे घोळ निस्तरून ठेवले होते, आणि आता खालचं नाव आमच्याच टीव्हीचं होतं. त्या दिवशी आमचा टीव्ही एका दाबात जोडला गेला.

त्रेचाळीस इंचांवर मी आले. विहीणबाईंच्या मोतिया साडीच्या खांद्यावर माझ्या घामेजल्या बोटांचे पाच हिरवे ठसे होते.

मग अक्का पुढे सरकल्या, डोळे बारीक केले, आणि अक्षर अक्षर जोडत मोठ्याने म्हणाल्या, "रं... ग... जा... तो."

टीव्हीवर कुठेही काही लिहिलेलं नव्हतं. त्या मलाच वाचत होत्या.