सावेडीचं ऊन

सावेडीच्या उन्हानं माझ्या सासऱ्यांचे डोळे गेले, असं आमच्या नातेवाइकांत अजून सांगितलं जातं. नणंदा सांगतात, भाचे सांगतात, ज्यांनी त्या वेळची सावेडी पाहिलीसुद्धा नाही तेही सांगतात. शेवटी कुणीतरी हमखास म्हणतं, "आमच्या वहिनीच तेवढ्या नको म्हणत होत्या बरं का! त्यांना आधीच जाणवलं होतं." हे वाक्य आलं की मी उठून चहा टाकायला जाते. नाहीतर तोंडातून काय निघेल त्याचा नेम नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही नगरला माळीवाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. मी, माझे यजमान, आमची तीन वर्षांची मुलगी आणि सासरे. घरमालकांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांनी खोल्या मागितल्या. गावात दुसरी जागा बघावी तर मिळेल ती अंधारी. म्हणून गावाबाहेरच जायचं ठरलं. बाहेर म्हणजे केडगाव, भिंगार नाहीतर सावेडी. केडगाव यांच्या कचेरीपासून लांब, म्हणून पहिल्याच दिवशी बाद झालं. भिंगारला बाजाराजवळच्या गल्लीत एक जागा होती, भिंतीला भिंत लागलेली, थेट माळीवाड्यासारखी. आणि सावेडीला एका शेतकऱ्यानं माळावर नवं घर बांधलं होतं, त्याला म्हणे चारी बाजूंनी खिडक्या होत्या.

मला सावेडी हवी होती. किती हवी होती म्हणून सांगू! लग्न झाल्यापासून मी खिडकी असलेल्या स्वयंपाकघरात उभी राहिले नव्हते. भर दुपारी दिवा लावून पोळ्या लाटायच्या म्हणजे काय, ते पुरुषांना कळत नाही. मी उठता बसता सावेडीचा जप करत होते आणि हे म्हणायचे, "तिथं माणसं राहत नाहीत, कोल्हे राहतात."

सासरे निवृत्त शिक्षक. सत्तरीला आलेले, ताठ, बोलायला मिश्कील. मी त्यांना मामंजी म्हणायची. सकाळी माळीवाड्याच्या गणपतीला, तिथून वाचनालयात, आणि जेवायच्या वेळेला कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी, असा त्यांचा नेम होता. काठी असायची, पण गल्लीत ती बहुधा काखेत. घरी वर्तमानपत्राला हात लावत नसत. "तिकडेच झालं वाचून," म्हणायचे आणि सगळ्या बातम्या तोंडपाठ सांगायचे. पूर्वी ते मला तांदूळ निवडून द्यायचे. ते त्यांनी अलीकडे सोडलं होतं. मला वाटलं, कंटाळले असतील. सासऱ्यांना कंटाळा आला तर सुनेनं काय विचारायचं?

एका रविवारी मुलीला शेजारी ठेवून आम्ही तिघं टांगा करून सावेडीला गेलो. दिल्ली दरवाजाबाहेर पडलो तर रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसली होती. त्यांच्यासमोरून खिडक्या बघायला जायची मला लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, थोडीच वाटली.

घराचा मालक वाटच बघत होता. "पान्याची काळजीच करू नका. लई ग्वाड पानी हाय. येवढ्या दुष्काळात बी हीर आटली न्हाई," असं म्हणत तो यांना मागच्या विहिरीवर घेऊन गेला. यांच्या हातात फिरकीचा तांब्या होता. नव्या जागेचं पाणी घरी न्यायचं, त्यात तुरीची डाळ शिजवून बघायची आणि मगच जागा घ्यायची, अशी आमच्याकडे पद्धत. मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही.

मी थेट स्वयंपाकघरात शिरले. दोन खिडक्या! एकीतून बाहेर पाहिलं तर मामंजी टांग्यातून उतरून माळावर उभे होते. मी ओरडले, "मामंजी, आत या ना, बघा तरी!" वारा भणाणत होता. ते वळले, काठी पुढे करून थोडे चालले आणि थांबले. मग मान डोलावून म्हणाले, "छान आहे हो घर. चांगलं ऐसपैस आहे."

घर त्यांच्या पाठीमागे होतं. समोर नुसता माळ आणि प्लॉट आखून रोवलेले पांढरे दगड.

मी धावत गेले आणि त्यांचा दंड धरला. गल्लीत सायकली चुकवत चालणारा हा माणूस इथे एका जागी खिळल्यासारखा उभा होता.

"मामंजी, घर इकडे आहे."

त्यांनी काठीनं पुढची जमीन चाचपली.

"दिसत नाही का तुम्हाला?"

"उजेड कळतो."

"कधीपासून?"

"झालं वर्ष. काचबिंदू आहे. डॉक्टरला दाखवून आलोय, आता काही व्हायचं नाही. आणि गावात मला डोळे लागतच नाहीत गं. हाताला भिंत असते, पायाशी गटाराचा आवाज असतो, कोपऱ्यावर भज्यांचा वास येतो. वाचनालयात कुणीतरी मोठ्यानं वाचत असतंच. इथं काहीच नाही." मग त्यांनी माझं मनगट पकडलं. "त्याला सांगू नकोस. कळलं तर उद्यापासून मला एकट्याला उंबऱ्याबाहेर पडू देणार नाही. वचन दे."

यांचा स्वभाव मला ठाऊक होता. मुलीला साधं पडसं झालं तरी हे तिला अंगणात सोडत नसत. मी वचन दिलं. तेवढ्यात हे भरलेला तांब्या घेऊन आले आणि स्वारी एकदम खुशीत. विहीर बघून कोल्हे विसरले होते.

संध्याकाळी त्या पाण्यात डाळ टाकली. पाणी खरंच गोड होतं, डाळ मऊ व्हायला लागली होती. मी स्टोव्ह बंद केला आणि तशीच कचकचीत डाळ घोटून दोघांच्या पानात वाढली. "बघा, शिजत नाही. मला नको सावेडी. भिंगारच घेऊ."

हे घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "सावेडी सावेडी करून माझे कान किटवलेस, आणि आता भिंगार? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. मला भिंगार आवडलं."

मामंजी शांतपणे जेवत होते. त्यांनी ताक मागून घेतलं, भुरकलं आणि म्हणाले, "पाण्याचा दोष नाही. स्टोव्हच लवकर बंद झाला. मी ऐकत होतो. सावेडीच घ्या."

मला असा संताप आला, की पातेलं आपटावंसं वाटलं. ज्यांच्यासाठी मी माझ्या दोन खिडक्यांवर पाणी सोडलं, त्यांनीच मला नवऱ्यासमोर खोटं पाडलं! दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर मी त्यांना जाब विचारला. ते हसले. "भिंगार तरी मला कुठं पाठ आहे? या वयात नवी गल्ली पाठ होत नाही. माळीवाडा सुटला की मला सगळीकडे सावेडीच. मग निदान तू तरी उजेडात स्वयंपाक कर." मी पदर तोंडाला लावून रडले. त्यानंतर जागा सोडेपर्यंत ते रोज जेवायला उशिरा यायचे. गल्ल्यांतून हिंडत असायचे. मी ताट झाकून ठेवायची आणि काही बोलायची नाही.

माघात आम्ही सावेडीला आलो. पहिल्याच आठवड्यात मामंजी एकटे ओट्यावरून उतरले आणि एका पांढऱ्या दगडाला अडखळून पडले. हे धावले. गुडघ्यातून रक्त येत होतं. मामंजी म्हणाले, "काय रे ऊन हे इथलं! डोळे दिपून एकदम अंधारी आली." मी कणकेचे हात घेऊन दारात उभी होते. त्यांनी माझ्या दिशेनं तोंडसुद्धा वळवलं नाही.

ऊन तेव्हापासून आमच्या घरात आलं. यांनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला. हा उशीर यांनी सावेडीला आल्या दिवसापासून धरला. मामंजींसाठी काळा चष्मा आणला. रोज कचेरीतून आले की हे त्यांचा हात धरून माळावर फिरवायचे, आणि निघताना चष्मा पुसून त्यांच्या डोळ्यांवर चढवायचे. मामंजी निमूटपणे चढवून घ्यायचे. आपल्याला वाचवायला एक थाप मारली तर मुलगा ती जन्मभर वाहील, असं त्यांना वाटलं नसावं. किंवा कळूनही त्यांना मागे फिरता आलं नसावं. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकाच वेळी. रात्री हे मला म्हणायचे, "तुझं ऐकायला हवं होतं. तुला काहीतरी जाणवलं होतं." मी कूस बदलायची. अनेकदा शब्द ओठांवर आला. पण मी वचन दिलं होतं आणि ते माणूस शेजारच्या खोलीत जिवंत होतं.

काही वर्षांनी मामंजी गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि संध्याकाळी ओट्यावर मी यांना सगळं सांगितलं. माळ, पाठ, काचबिंदू, डाळ, सगळं. सांगताना मला हायसं वाटत होतं. यांच्या मनावरचा दगड आता उतरेल, कदाचित हे रडतील, अशी माझी समजूत होती.

हे उठले, खिडकीतला काळा चष्मा घेतला आणि सवयीनं सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"रोज पुसून द्यायचो मी हा," ते म्हणाले, "आणि तू बघत होतीस."