पारखेबाईंच्या माश्या

कुणाच्याही वावराच्या बांधावर आल्या की पारखेबाई डोळे मिटून उभ्या राहायच्या. मागे आमच्या शाळेतली सातवीची पोरं. बाईंनी बोट वर केलं की सगळी चिडीचूप. मग बाई म्हणायच्या, "वाजतंय. माशी कामावर हाय." धडा त्यानंतर सुरू.

जामखेडकडच्या आमच्या गावात कांद्याचं बियाणं करतात. त्यासाठी लावलेल्या कांद्यांना डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुटतात, त्यांना पांढरे गोंडे येतात, आणि त्यांवर मधमाशी बसली तरच बी नीट धरतं. बाईंनी शाळेमागे मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्या होत्या. पोरांना घेऊन त्या गावभर सांगत फिरायच्या, "फुलात औषध मारूच नका. लईच अडलं तर दिवस मावळताना मारा. कामाला गेलेल्या बाईच्या डोक्यात कुनी धोंडा घालतं का?"

पारावरची मंडळी हसायची. "बाई, माश्यांची हजेरी बी घेता का?"

"घेते की. तुमच्या पोरांपेक्षा नेमानं येत्यात."

या फेऱ्यांत फलक धरून मी, बाईंच्याच शाळेतला मास्तर, सगळ्यांत पुढे. आणि माती खाल्ली ती मीच. माझ्या घरच्या वावरातले डोंगळे ऐन फुलात असताना कीड पडली. फवारणीवाला सकाळचाच मोकळा होता. म्हटलं, एका फवाऱ्यानं काय होतंय?

दुपारी पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. काही जागच्या जागी गरगरत होत्या. बाई एकेक उचलून वर्तमानपत्रावर ठेवत होत्या. एका मुलीनं विचारलं, "कुनी मारल्या, बाई?" बाई पुढची माशी उचलायला वाकल्या. मी मात्र मोठ्यांदा हळहळलो. त्या हळहळीची मला आजही किळस येते.

आठवड्यानं बाई पोरांना घेऊन माझ्या वावरात आल्या. माश्या नव्हत्या, म्हणून सगळ्यांनी गोंड्यागोंड्यावरून हात फिरवले, एकाचे पराग दुसऱ्याला लागावेत म्हणून. पोरं उलट मलाच धीर देत होती.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. त्यांना एसटीत बसवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, त्या दिवशी औषध मी मारलं होतं."

"ठावं हाय, सर. गोंड्याला हात लावला तवाच वास आला. तुमी पोरांना सांगाल म्हनून वाट बघत हुते."

त्याच पावसाळ्यात बाई वारल्या.

आता तो धडा मी घेतो. मेलेल्या माश्यांपर्यंत आलो की कुणीतरी विचारतंच, "सर, मंग कुनी मारल्या हुत्या त्या?" मी फळा पुसायला वळतो. पाठीमागे, पोरांच्यात बसून, बाई अजून वाट बघत असतात.