सासऱ्यांच्या खिशातले पेन

बीड जिल्ह्यातला सगळ्यात भित्रा माणूस कोण, अशी स्पर्धा कुणी भरवलीच तर पहिला नंबर माझ्या सासऱ्यांचा येईल, यात मला तिळमात्र शंका नाही. बक्षीस घ्यायला मात्र ते जाणार नाहीत. जन्मात कधी न मिळालेलं बक्षीस एकाएकी मिळतंय म्हणजे पुढे काहीतरी वाढून ठेवलंय, असं म्हणून ते दाराला आतून कडी लावून बसतील. साप, विंचू, चोर यांना चारचौघं भितात तेवढेच तेही भितात. त्यांची खरी भीती चमत्कारिक गोष्टींची. कोंबडी आरवली, भलत्याच महिन्यात आंब्याला मोहर आला, भांडकुदळ शेजारी गोड बोलला, की यांचा चेहरा उतरलाच. कडा या गावच्या शाळेत तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलेला हा माणूस एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलतो, पण घाबरला की गावाकडची बोली बाहेर पडते. त्यामुळे स्वयंपाकघरात बसल्या बसल्या सासूबाईंना कळतं, की बाहेर काहीतरी झालेलं आहे.

या भीतीचं मूळ एका इंग्रजी शब्दात आहे. नोकरीला लागल्यावर त्यांनी रद्दीतून एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणला आणि एका दुपारी त्यात ‘विअर्ड’ हा शब्द पाहिला. हल्लीची कॉलेजातली पोरं कशालाही विअर्ड म्हणतात, भाजीत साखर पडली तरी म्हणतात. विचित्र, एवढाच त्यांच्या लेखी अर्थ. पण कोशात लिहिलं होतं, की हजार वर्षांपूर्वी इंग्रजांकडे हे नशिबाचंच नाव होतं. ‘होणे’ अशा अर्थाच्या क्रियापदापासून ते आलेलं. जे होणार आहे आणि टळणार नाही, ते विअर्ड. त्याच्याही मागे वळणे-फिरणे असा अर्थ, आणि आपलं ‘वर्तमान’सुद्धा त्याच मुळावरचं. पुढे कुठल्याशा नाटकात भविष्य सांगणाऱ्या तीन म्हाताऱ्यांना तो शब्द लागला. त्या दिसायला-वागायला भलत्याच निघाल्या, आणि लोकांच्या डोक्यात नशीब मागे पडून नुसता भलतेपणा उरला. दुसरा एखादा मास्तर हे वर्गात सांगून मोकळा झाला असता. माझ्या सासऱ्यांनी कोश मिटला आणि घामाघूम होऊन सासूबाईंना सांगितलं, “त्यांच्याकडं बी सटवाई हाय. एक न्हाई, तीन हायती.”

आमच्याकडे सटवाई बाळाच्या पाचवीला रात्री येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाटा पुजून शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात. इंग्रजांनाही हे ठाऊक होतं म्हटल्यावर सासऱ्यांची खात्रीच पटली. विचित्र गोष्ट उगाच घडत नाही, नशीब आत येताना झालेला तो दाराचा आवाज असतो, असं त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा ते बीडला आमच्याकडे आले होते. परत जाताना मी त्यांना मांजरसुंब्याच्या चौकात सोडायला गेलो. तिथून त्यांना नगरकडची एसटी मिळते. ढाब्यावर चहा सांगेपर्यंत एसटी आली, ती बरोबर वेळेवर, आणि वर खिडकीजवळची जागाही रिकामी. मी पिशवी उचलली तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “जावईबापू, ऱ्हाऊ द्या. ही गाडी येळेवर का म्हून आली?” ती गाडी आम्ही सोडली. पुढची दीड तासानं आली, तिच्या दोन काचा नव्हत्या आणि दार दोरीनं बांधलेलं होतं. सासरे प्रसन्न चेहऱ्यानं तिच्यात चढले आणि उभ्यानं कड्याला गेले. आम्ही सोडलेल्या पहिल्या गाडीला काय झालं, याची मी नंतर मुद्दाम चौकशी केली. काहीही झालेलं नव्हतं.

चमत्कारिक काही दिसलं की त्यावर त्यांचा उताराही ठरलेला. ताबडतोब एखादं अगदी साधं काम करायला घ्यायचं. गहू निवडायचे, शेंगा फोडायच्या, लसूण सोलायचा. आपण साधे दिसलो की नशिबाचं आपल्याकडे लक्ष जात नाही, असा त्यांचा हिशोब. सासूबाईंचा सोललेला लसूण कधी संपत नाही, यावरून त्यांचे दिवस कसे जातात ते ओळखावं. मी मनसोक्त हसायचो. चिमीचा जन्म होईपर्यंत हसत होतो.

चिमी, माझी मुलगी, पाच आठवडे आधी जन्मली. एवढीशी पोर, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पहिले काही दिवस निघाले पाहिजेत, इतकंच डॉक्टर म्हणाले आणि पुढे गेले. सासरे कड्याहून येताना पिशवीभर शेंगा घेऊन आले होते. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसून त्यांनी माझ्या ओंजळीत शेंगा टाकल्या आणि स्वतः फोडायला लागले. मीही फोडायला लागलो. चार दिवस आम्ही दोघं शेंगा फोडत होतो. पेटीजवळचं यंत्र वाजलं की दोघांचेही हात थांबायचे. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि हा माणूस एवढी भीती पोटात घेऊन रोज कसा जेवतो, झोपतो, याचं मला तिथं पहिल्यांदा नवल वाटलं.

पाचव्या दिवशी सासूबाई पूजेचं सामान घेऊन आल्या. बाळ घरी नसलं म्हणून काय झालं, कागद-पेन उशाशी ठेवू, नर्सबाईला मी विचारते, असं त्यांचं चाललं होतं. सासरे उठून पेटीच्या खोलीच्या दारात आडवे उभे राहिले. बायकोपुढे या माणसानं जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

“आज पाचवी न्हाई,” ते म्हणाले. “डॉक्टरच्या हिशोबानं पोर अजून पाच आठवड्यानं जन्माला यायची हाय. मंग आजच पाचवी कशी?”

“सटवाई काय डॉक्टरला इचारून येती का?” सासूबाई म्हणाल्या.

“येऊ दे. लिहायला पेन तर लागंल ना.”

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या खिशाकडे गेलं. खिशात अकरा पेन होते. आमच्या घरचे सगळे, माझा निळा, औषधाच्या दुकानातला दोरी तोडून आणलेला, आणि नर्सबाईचाही. तिकडे तापाचा तक्ता भरायचा खोळंबला म्हणून ती सगळ्यांवर ओरडत होती. तिला मी पेन्सिल आणून दिली. सासरे दिवसभर त्या दारात उभे होते. ओठ पांढरे पडले होते. कोंबडी आरवली तर दार लावून बसणारा हा माणूस साक्षात सटवाईची वाट अडवून उभा होता. मला हसू आलं नाही. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

चिमी जगली. पाच आठवडे आणि पाच दिवस झाल्यावर घरात रीतसर पाचवी झाली. सासऱ्यांनी पाट्याशेजारी नवा कागद ठेवला आणि खिशातले सगळे पेन काढून मांडले. माझा निळा मात्र त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवला, तो आजपर्यंत तिथंच आहे. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत होता.

गेल्या महिन्यात ते आले होते. चिमी आता आठ वर्षांची आहे. आजोबा पंखा बंद करून लसूण सोलताना दिसले, तशी ती सरळ म्हणाली, “आबा, तुम्ही किती विअर्ड आहात.” आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही. बायको माझ्याकडे बघायला लागली. सासऱ्यांचा हात खिशावर गेला. मग त्यांनी तो निळा पेन काढला आणि तिच्या हातात दिला.

“उद्याचं काय व्हनार ते लिही,” ते म्हणाले. “तू लिही.”

इतकी वर्षं खिशात वाळलेल्या पेनाची शाई उमटत नव्हती. तिनं चार वेळा गिरवून लिहिलं: उद्या मी आणि आबा कड्याला जाणार. एसटी वेळेवर येणार. आम्हाला खिडकी मिळणार.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना मांजरसुंब्याला सोडलं. एसटी वेळेवर आली. खिडकीही रिकामी होती. सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, नातीचं बोट घट्ट धरलं आणि चढले. काचेआड त्यांचा चेहरा पांढराफटक दिसत होता. शेजारी चिमी हात हलवत होती. गाडी वळून दिसेनाशी झाली. मी ढाब्यावरच्या बाकावर बसलो, चहा सांगितला, आणि समोरच्या पोत्यातल्या शेंगा मूठभर मागून घेऊन एक एक फोडत बसलो, ते त्यांचा कड्याहून फोन येईपर्यंत.